दोर की छत

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू आधी भावोजींना विचारशील, की हा कुठे पोलिसात वगैरे अडकला तर नाही ना. नाही अडकलो. धडधाकट आहे, वेळेवर जेवतोय, दाढीसुद्धा करतोय, रोज नाही पण करतोय. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू विचारतेस जेवलास का, मी म्हणतो हो. मी विचारतो तू कशी आहेस, तू म्हणतेस मी मजेत, बाबा मजेत, शाळा मजेत. मग आतून बाबांची हाक येते आणि तू फोन ठेवतेस. कागदाला कुणी हाक मारत नाही, म्हणून हा कागद. शुद्धलेखन तपासायचं नाही, सुट्टीवर आहेस असं समज.

तर बातमी अशी, की मी सध्या काचा धुतो. उंच इमारतींच्या काचा, बाहेरच्या बाजूने, दोरावर लटकून. आता लगेच हात कपाळावर मारू नकोस. बोटीवर होतो तेव्हाही तू मारला होतास आणि तिथे मला नुसती सर्दी झाली. इथे दोन-दोन दोर असतात, एक बसायला आणि एक वाचवायला. कंबरेला, मांड्यांना पट्टे, डोक्याला हेल्मेट, खाली बसायला फळी, बाजूला बादली. पाणी ओढायच्या रबरी पट्टीने काच वरून खाली एका हाताने, न थांबता पुसायची, मधे थांबलं की रेघ उठते. मला आयुष्यात पहिल्यांदाच असं काम मिळालंय, जे अर्धवट सोडता येत नाही. अर्ध्यात लटकून कुठे जाणार? आणि वर गंमत फार. कुठे कुणी सोफ्यावर आडवं होऊन पाय वर भिंतीला लावून पेपर वाचत असतं, कुठे मोठा साहेब आरशासमोर एकटाच भाषणाची तालीम करत असतो. एका खिडकीत एक बाई रोज झाडांशी भांडते. कोणत्या झाडाला काय बोलते ते ऐकू येत नाही, पण त्या कोपऱ्यातल्या झाडाचं काही खरं नाही हे कळतं. बघ, भरकटलो.

आमची टोळी चार जणांची. पैलवान, जो माणसाला एका हाताने वर ओढतो आणि कबुतराला घाबरतो. मास्तर, जो कधी शाळेत शिकवायला नव्हता, पण सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून मास्तर. मी, माझं नाव इथे भोवरा पडलंय, का ते तू सांगू शकशील. आणि आमची मुकादम, मावशी. पन्नाशीची, बारीक चणीची, आवाज मात्र असा की खालच्या रस्त्यावरचा रिकामटेकडा माणूससुद्धा उगाच कामाला लागतो. आधी टोळी तिच्या नवऱ्याची होती, आमच्या काकांची. त्यांचे गुडघे गेले, मग ही झाली मुकादम. गाठी तीच तपासते, प्रत्येकाच्या, प्रत्येक वेळी. तिच्या हाताखाली आलो तेव्हा पहिल्या दिवशी तिने माझी गाठ सोडून टाकली आणि म्हणाली, "ही गाठ नाही बाळा, ही आशा आहे. परत बांध."

मावशीचा एक नियम आहे. सकाळी छतावर, कठडा ओलांडायच्या आधी, प्रत्येकाने एक शब्द बोलायचा. "दोर" किंवा "छत". दोर म्हणालास की तू खाली उतरणार. छत म्हणालास की दिवसभर वर थांबणार, दोरांवर लक्ष ठेवणार, बादल्या ओढणार. मजुरी तीच. आणि छत का म्हणालास हे कुणी विचारायचं नाही. तेव्हा नाही, जेवताना नाही, चहाला नाही. मला हा नियम इतका आवडला की पहिल्याच आठवड्यात मी मनातल्या मनात तो आपल्या घराला लावून बघितला. पण हळूहळू लक्षात आलं, की आमच्यात छत कुणी म्हणतच नाही. पाळीपाळीने ज्याची नेमणूक असेल तो वर थांबायचा, तेवढंच. कारण मावशी कधीच म्हणायची नाही. पैलवान नव्या माणसाला छाती फुगवून सांगायचा, "आमची मावशी तापातसुद्धा दोर म्हणते." नियम तिचा, आणि तो सगळ्यात कमी वापरणारीही तीच. आम्ही ह्याला तिचा मोठेपणा समजत होतो. आता वाटतं, तिथेच आमचं चुकलं.

मी आलो त्या सुमारास काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. मावशी रात्री दवाखान्यात आणि दिवसा दोरावर. कुणी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीये?" काका घरी आले, चालायला लागले, भाजी निवडताना हिच्याशी वाद घालायला लागले, म्हणजे सगळं मार्गी लागलं. आणि सगळं मार्गी लागल्यावर एका साध्या, ऊन पडलेल्या सकाळी मावशी दोरावर अर्ध्यात थांबली. दातांच्या डॉक्टरचा मजला होता. आत गाल सुजलेला एक आजोबा आपल्या नंबरची वाट बघत बसलेले. त्यांना वाटलं बाई आपल्याकडेच बघतेय, त्यांनी हात हलवला. मावशीने नाही हलवला. तिची मूठ दोरावर अशी आवळली होती की बोटं पांढरी पडलेली, डोळे उघडे, आणि ती ना वर येईना ना खाली जाईना. मी शेजारच्या दोरावर होतो, मला काही सुचेना. पैलवान वरून उतरला, तिच्या बाजूला आला आणि एवढ्या मोठ्या माणसाने इतक्या हळू आवाजात बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "मावशी, मी आलोय. तुला काही करायचं नाहीये. मी आहे." त्याने तिला स्वतःच्या दोराला जोडून घेतलं आणि इंचाइंचाने खाली आणलं. खाली आल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलली असेल? "माझं हृदय बंद पडतंय, काकांना कळू देऊ नका."

हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाल्या हा घबराटीचा झटका आहे, खरा आजार आहे, नाटक नाही आणि लाज वाटायचं कारण नाही. थोडे दिवस गोळ्या दिल्या आणि सांगितलं की गोळ्यांच्या जोडीला ध्यान आणि योग शिका, नुसतं ऐकून सोडून देऊ नका. मावशीला गोळ्यांचं काही नाही वाटलं. ध्यानाचं वाटलं. तिच्यावर टांगती तलवार अशी होती, की आमच्या कामात ज्याला दोरावर असा झटका येतो, त्याला तपासनीस साहेबांसमोर पुन्हा एकदा उतरून दाखवावं लागतं. हंगाम संपायच्या आत दाखवलं नाही तर परवाना गेला. परवाना गेला की मावशी मुकादम नाही, दोरावर नाही, जिना आणि फरशी पुसायला आत. ते वाईट काम आहे असं नाही. पण ती एकदा डबा खाताना म्हणाली, "मी खालून वर बघत बसले ना, तर मी कोण ते मलाच कळायचं नाही." आणि डबा तसाच झाकून ठेवला.

एकटीला लाज वाटते म्हणून तिने मला ध्यानाच्या वर्गाला सोबत नेलं. सायकलच्या दुकानावर एक खोली, सतरंज्या, एक खिडकी, खालून पंक्चर काढल्याचा वास. शिकवणारी बाई माझ्यापेक्षा थोडीच मोठी, सतत सर्दी झालेली, हातात रुमाल. म्हणजे नाकातून श्वासाकडे लक्ष द्या असं सांगणारीचंच नाक बंद. मला हसू आवरेना, मावशीने कोपर मारलं. पण ताई, त्या बाईला काय छान शिकवता येतं. ती म्हणाली, पाय जमिनीला कुठे टेकलेत ते बघा, श्वास आत कुठे गार लागतो ते बघा, बस. मी बघायला लागलो. तेवढ्यात बोट आठवली, मग बोटीवरचा स्वयंपाकी, मग मासे झोपतात का, झोपले तर कोणत्या कुशीवर, मग आपली निळी सायकल, जिच्यावर तू मला पुढच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचीस. वेळ संपल्यावर मी खरं ते सांगितलं, की मला काही जमलं नाही, मी सगळीकडे फिरून आलो. ती म्हणाली, "फिरायला गेलाय हे तुम्हाला कळलं ना? मग परत या. पुन्हा जाल, पुन्हा या. हाच व्यायाम आहे." मला जन्मभर सगळ्यांनी जाऊ नको एवढंच सांगितलं. परत येणं हेही काम आहे आणि ते शिकता येतं, हे कुणी बोललंच नव्हतं. त्या दिवसापासून मी रोज बसतो. थोडाच वेळ, पण बसतो. विश्वास ठेवायचा तर ठेव.

मावशीचं उलटं. ती हलायचीच नाही. दात आवळून, मुठी आवळून, गाठ बांधल्यासारखी बसायची. शांत व्हायला आलेय ना, मग होऊनच जाणार. रुमालवाली बाई तिच्यापाशी येऊन बसली. "मावशी, तुम्हाला शांत व्हायचं नाहीये. नुसतं बसायचंय." मावशी म्हणाली भीती येते. कुठे येते? घशात. केवढी आहे? मावशीने बराच विचार केला आणि म्हणाली, लिंबाएवढी. "मग असू दे. लिंबाएवढी आहे, खोली मोठी आहे." मी डोळे किलकिले करून बघत होतो. मावशीची मूठ सुटली नाही, पण अंगठा बाहेर आला. मग आसनं. कठड्यावरून माप घेत चालणारी आमची मावशी वृक्षासनात एका पायावर उभी राहिली आणि सतरंजीवर धपकन पडली. मग तिचीच हसून हसून मुरकुंडी वळली. काकांच्या ऑपरेशनपासून ती अशी हसली नव्हती, असं तीच जिना उतरताना बोलली आणि लगेच मला ओरडली, की बुटांच्या नाड्या बांध, पडशील.

मग ते सगळं तिने आमच्या छतावर आणलं. रोज काम सुरू व्हायच्या आधी बूट काढून सगळ्यांनी बसायचं, तळवे सिमेंटला टेकवायचे, श्वास बघायचा, मान-खांदे-पाठ मोकळी करायची, मांजर आळस देतं तशी. मास्तरने लगेच सांगितलं की आपण आसन चुकीचं करतोय, आणि ते अर्थात तो एकटाच बरोबर करत होता. पैलवान म्हणाला मी शवासनात हुशार आहे, आणि खरंच होता, घोरायचा. पण महिनाभराने मी बघितलं, चहावाल्याने उशीर केला तरी पैलवान चिडला नाही. मास्तर एकदा स्वतःची चूक कबूल करून गेला, आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. जादू नाही झाली ताई, कुणाची काही संकटं पळाली नाहीत. पैलवानाचं पोर सारखं आजारी पडतं ते पडतंच. फक्त डोक्यात जे एकावर एक रचलेलं असतं ना, त्यातलं आधी काय आणि मग काय, एवढं वेगळं दिसायला लागतं. दोराच्या गुंत्याचं एक टोक हातात आलं की पुढचं जमतं, तसं. तपासणी होईपर्यंत मावशीला उतरायची मनाई होती, म्हणून सकाळचा शब्द आम्ही तिघंच बोलायचो, पण ती रोज थोडं थोडं करत होती. आज पट्टा बांधून नुसती बसली. उद्या कठड्यापाशी उभी राहिली. मग कठड्यावर बसून पाय आतच ठेवून. घाम फुटला की सांगायची, "आलं बघ लिंबू," आणि श्वास बघत तिथेच थांबायची, पळायची नाही.

तपासनीस साहेब आले तो दिवस सांगतो. तीच इमारत, तोच दातांच्या डॉक्टरचा मजला. साहेब इस्त्रीच्या कपड्यात, घड्याळाकडे बघणारे, माणूस वाईट नाही पण घाईत. आम्ही नेहमीसारखे बसलो. मग शब्द. पैलवान, दोर. मास्तर, दोर. मी, दोर. सगळे मावशीकडे बघायला लागलो. मी मनात तिच्यासाठी दोर दोर म्हणत होतो. ती डोळे मिटून होती. मग उघडले आणि म्हणाली, "छत."

साहेब म्हणाले, म्हणजे काय? मास्तरने नियम समजावला, थोडा लांबवून. साहेब म्हणाले, "अहो, पण मी आज आलोय ना." मावशी म्हणाली, "तुम्ही आलात साहेब, मी अजून आले नाही. चहा घ्या." साहेबांनी चहा घेतला, पण सांगून गेले की हंगामातली शेवटची तारीख तेवढी उरली, मग माझ्या हातात काही नाही. पैलवानाचे डोळे भरले होते, राग होता की काय ते त्यालाही कळत नव्हतं. त्याने काही विचारलं नाही. नियम होता. मावशी दिवसभर छतावर राहिली, दोर बघितले, बादल्या ओढल्या, एकदा माझी पट्टी घसरली तेव्हा वरून शिवीसुद्धा दिली. जराही ओशाळली नव्हती. ते बघून मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. मी फिरताना पुष्कळ धीट माणसं बघितली, वादळात बोट हाकणारी, आगीत शिरणारी. पण सगळ्यांसमोर, जे गमवायचंय ते समोर दिसत असताना, आज नाही असं इतक्या साध्या आवाजात म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी पैलवान म्हणाला, छत. पोरामुळे झोपला नव्हता, हे त्याने कितीतरी दिवसांनी आपणहून सांगितलं. मग एकदा मास्तर म्हणाला. मग मीही. कुणाचं काही अडलं नाही, काचा धुवून झाल्याच.

शेवटच्या तारखेला मावशी "दोर" म्हणाली. मोठ्याने नाही. पैलवानाने तिची गाठ तपासली, मास्तरने परत तपासली, मग तिने स्वतः तपासली आणि दोघांना म्हणाली, बरी आहे. कठडा ओलांडला. छतावर त्या दिवशी मी होतो. वाकून बघितलं तर तिचं हेल्मेट तेवढं दिसत होतं, खाली खाली जाणारं. दातांच्या मजल्यापाशी दोर थांबला. हलेना. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग हात मागे बांधले आणि पुन्हा बघितलंच नाही, ते मला आवडलं. पैलवान शेजारच्या दोरावर तयार. खालून त्याचा आवाज आला, "भोवऱ्या, तू का श्वास रोखलायस? घे की." मग दोर हलला, पण खाली नाही, बाजूला. मावशी काच पुसत होती. पूर्ण काच, वरून खाली, न थांबता. मग शेजारची. मग उतरली, अगदी जमिनीपर्यंत. मी जिन्यावरून धडपडत खाली पोचलो तेव्हा ती पट्टा सोडवत होती. म्हणाली, "आलं होतं. तेवढंच आहे अजून. बसलं शेजारी, मी माझं काम केलं." साहेबांनी खाली येऊन सही केली आणि विचारलं की तो सायकलच्या दुकानावरचा वर्ग कोणत्या वारी असतो.

ताई, आता खरं ते लिहितो, रागावू नकोस. भावोजींचा फोन आला होता. तू सकाळी शाळेच्या फाटकापाशी गाडीत बसून राहतेस, मुलं आत जातात, घंटा होते, आणि तुझे हात स्टिअरिंगवरून सुटत नाहीत. मग घरी येऊन पिशवी विसरले म्हणतेस आणि पुन्हा जातेस. बाबांच्या अर्धांगाच्या झटक्यानंतर तू एक दिवस घेतला नाहीस, आणि आता बाबा काठी घेऊन चालतायत तर हे. भावोजींनी तुला सांगू नको अशी शपथ घातली होती, त्यांना बोलू नकोस, ते फोनवर रडले. हे सगळं तुला सल्ला द्यायला लिहिलं नाही. मी कोण सल्ला देणार? मी येतोय, तेवढं सांगायला लिहिलं. आमचा हंगाम संपला. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, जा, आणि लगेच परत येऊ नकोस. बाबांची आंघोळ, औषधं, सकाळचं फिरणं, रात्रीच्या हाका, सगळं माझ्याकडे. सुटकेच्या सरावात पैलवानाला उचलून उचलून शिकलोय, बाबा तर हलके आहेत. शाळेत रजेचं भावोजी बोलतील. एखाद्या चांगल्या डॉक्टरकडे आपण दोघं जाऊ, मी बाहेर बाकावर बसेन. नंतर तुला वाटलं तर सकाळी गच्चीत माझ्याशेजारी बस, नाही वाटलं तर नको बसूस. शनिवारी पहाटेच्या गाडीने पोचतो. बेल वाजवणार नाही, चावी भावोजी कुंडीखाली ठेवणार आहेत. तू झोपून राहा.

तुझाच,
धाकटा